आतल्या खोलीतली रेंज

जुन्या कंपनीचा मोडेम माळ्यावर धूळ खात पडला होता. काल तो काढून आतल्या खोलीत ठेवला, नव्या मोडेमपासून तिथपर्यंत वायर ओढली आणि लेक फोनवरून सांगत गेली तसं करत गेलो. "बाबा, जुन्याचं घरातल्या सगळ्या फोनांना नंबर वाटायचं काम बंद करा. ते नवा बघेल. ह्यानं फक्त आलेलं पुढे द्यायचं." रिटायर माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

हिरवा दिवा लागला. आतल्या खोलीत पहिल्यांदाच पूर्ण रेंज आली.

हिला तिथे रेंज कधी मिळाली नाही. गुडघे दुखत असतानाही बहिणीशी व्हिडिओ कॉल करायला ती दारापर्यंत यायची आणि चौकटीला टेकून उभ्यानं बोलायची. "अहो, त्या जुन्या डब्याचं काही होतं का बघा ना." मी म्हणायचो, "बघतो." ती गेल्याला वर्ष होत आलं. काम अर्ध्या तासाचं निघालं. घरातले बहुतेक 'बघतो' तेवढेच असतात की काय, कोण जाणे.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आता आत पलंगावर बसून बोला की. दारात का उभे?"

चौकटीवर एका जागी, हिच्या खांद्याच्या उंचीवर, रंग गुळगुळीत झालाय. मी तिथेच टेकलो होतो.