सीडीला जागा नसलेलं मशीन

"आडनाव काय तुझं?"

लातूरच्या एका हॉटेलात, नवं मशीन दाखवायच्या कार्यक्रमात, हॉलभर दुकानदारांसमोर, कंपनीच्या साहेबानं मला विचारलं. माझा प्रश्न एवढाच होता, की ह्या नव्या गेमच्या मशीनमध्ये सीडी घालायला जागा का नाही? मी आडनाव सांगितलं. साहेब हसला.

"तुमच्यात कधीपासून गेम खेळायला लागले? वायर जोडायला आलायस ना? जोड आणि बाहेर थांब."

सगळे हसले. मी ज्याच्या दुकानात कामाला होतो तो मालकही हसला. मी खाली मान घालून बाहेर गेलो.

बारा वर्षं मी ही मशीनं खोलतोय, दुरुस्त करतोय. आमच्याकडे चार मित्र मिळून एक सीडी घेतात. आठ-आठ दिवस एकेकाच्या घरी. खेळून झाली की दुकानात देऊन दुसरी नेतात. ह्या नव्यात सगळे गेम नेटवरून उतरवायचे. गावाकडे लाइटचा पत्ता नाही, नेट कुठलं? आणि मित्रांकडे आधीच दुसऱ्या कंपन्यांची मशीनं. त्यांच्याशी ह्याचं जुळत नाही. मग पोरानं खेळायचं कुणासोबत? भिंतीसोबत? एवढं कळायला कुठलं आडनाव लागतं?

व्हायचं तेच झालं. नव्या मशीनची खोकी दुकानात पडून राहिली. मालक म्हणाला, "जुन्या सीड्या चालतात म्हणून सांग. घरी नेल्यावर कोण काय करतंय?"

मी मान हलवली. हो, हलवली. त्याची आजही लाज वाटते.

मग शिरूर अनंतपाळहून अंगणवाडीच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "दादा, पोराचं जुनं मशीन गेलं. सीड्या लई हायेत त्याच्याकडं. ह्यात चालतील न्हवं? बारावी झाल्यावर घेते म्हणून शब्द दिला हाय त्याला."

मालक माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

"न्हाई चालत, ताई. हे घेऊ नका. जुनं आणा, मी बघतो."

बाई निघून गेल्या. मालक गरजला, "लई शहाणा झालास का? तुमच्या लोकाला डोक्यावर घेतलं की असंच! माफी माग, न्हाईतर चालता हो."

"न्हाई मागत."

माझी हत्यारं पिशवीत भरली आणि भर दुपारी बाहेर पडलो. आता गंजगोलाईच्या बाजाराजवळ माझं स्वतःचं दुरुस्तीचं टेबल आहे. काय चालतं, काय चालत नाही, ते मी तोंडावर सांगतो. मला जे कळतं ते बोलायला ह्यापुढे मी कुणाची परवानगी मागणार नाही.