टेलर मास्तरांचे तीन शब्द

सॉरसॉप गॅप गावात कुणालाही दाखला हवा असला की तो टेलर मास्तरांकडे यायचा. सेप्टिमस गिल्पिन हे त्यांचं खरं नाव, पण ते फक्त दारावरच्या पाटीवर. सरकारने सही-शिक्क्याचा अधिकार दिलेला हा माणूस, म्हणजे गावचा जेपी. पासपोर्ट असो, कॅनडात सफरचंदं तोडायची नोकरी असो, नाहीतर शाळेतल्या स्वयंपाकिणीची जागा असो, जेपीने या माणसाची वागणूक चांगली असं इंग्रजीत लिहून दिल्याशिवाय जमैकात पान हलत नाही. मास्तर लिहून द्यायचे. सगळ्यांना तेच तीन शब्द: ऑनेस्ट, सोबर, इंडस्ट्रियस. प्रामाणिक, निर्व्यसनी, कष्टाळू. रमच्या दुकानाच्या पायरीवर संसार थाटलेल्या लॉइडलासुद्धा सोबर! कुणी हसलं तर म्हणायचे, "माझ्याकडे आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते. तोवर होता."

आता तुम्ही म्हणाल, कामचुकार माणूस. छे हो! तीस वर्षांपूर्वी शिक्का नवा होता तेव्हा मास्तरांना इंग्रजीचा भलताच सोस. शिवणयंत्राशेजारी जाडजूड शब्दकोश. एकाच अर्थाचे चार शब्द दिसले की त्यातला सगळ्यात भारदस्त उचलायचा, ही त्यांची रीत. तेव्हा ऑस्बर्न नावाचा एक तरुण केळ्यांच्या गोदामावरच्या रखवालदाराच्या जागेसाठी दाखला मागायला आला. मास्तरांना लिहायचं होतं की याला पंचक्रोशी ओळखते. फेमस होता, वेल-नोन होता, पण ते त्यांना अगदीच साधे वाटले. त्यांनी लिहिलं, नोटोरिअस. तोही ओळखीचाच माणूस म्हणा, पण फेमस माणसाला लोक जेवायला बोलावतात आणि नोटोरिअस माणूस दिसला की दाराला कडी घालतात. मॅनेजरने पत्र वाचलं आणि ऑस्बर्नला फाटकावरूनच वाटेला लावलं. आमच्या गावात टोपणनाव नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. त्या दिवसापासून सगळे ऑस्बर्नला नोटी म्हणायला लागले, त्याच्या आईसकट. मास्तरांनी शब्दकोश कपाटावर टाकला तो टाकलाच. तीन शब्द, कुणाचं वाईट नाही, विषय संपला.

आणि मग एका सोमवारी आयनी प्यूसी तणतणत आली. ही बाजारात कोनफळं विकणारी बाई. आधी हिचा आवाज येतो, मग टोपली, मग ती.

"मास्तर, हे काय लिहून दिलंत मला?" तिने पत्र शिवणयंत्रावर आपटलं. "मुलांच्या खात्याची बाई म्हणते, असली चौदा पत्रं माझ्या खणात पडलीत. ही आयनी प्यूसी कोण आहे ते यात कुठाय?"

आयनीची बहीण मार्चमध्ये गेली होती, मागे सात वर्षांची केझाया ठेवून. पोर आयनीकडेच राहत होती. पण कुणीतरी खात्याला कळवलं होतं की ही मावशी भांडकुदळ आहे, पोर हिच्याकडे नको. गुरुवारी निकाल होता. तो उलटा गेला तर केझायाची रवानगी समुद्राकाठच्या अनाथाश्रमात.

"नवं लिहितो," मास्तर म्हणाले.

"चांगलं लिहा. पण खोटं नको हं. मी तोंड उघडलं की त्या बाईला कळायचंच."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. आयनी कशी आहे हे मास्तरांना पुरतं ठाऊक. एकदा मिनीबसवाल्याने तिला घरापाशी उतरवायला नकार दिला, तर पुढच्या वळणावर उतरून ही बया टोपलीसकट बससमोर फतकल मारून बसली, तो माफी मागेपर्यंत. दीड तास! मास्तर त्याच बसमध्ये होते.

मंगळवारी त्यांनी शब्दकोश खाली काढला, धूळ झटकली आणि शोधायला लागले. स्टबर्न. ऑब्स्टिनेट. पर्सिस्टंट. फर्म. मराठीतले हट्टी, हेकट, चिवट, ठाम घ्या की, सगळी एकाच आईची लेकरं, पण एक घराला वर काढतं आणि एक घर बुडवतं. मास्तर एकेक शब्द लिहायचे आणि खोडायचे. चुकीच्या शब्दाने तीस वर्षांपूर्वी नोकरी गेली होती, या वेळी पोर जाणार होती.

तेवढ्यात नोटीच दारात. हातात गुडघ्यावर फाटलेली पॅन्ट.

"काय मास्तर, शब्दकोश? आज कुणाचा नंबर लागला?"

"हस तू. तुझी नोकरी घालवली मी. अजून घास गिळवत नाही मला."

नोटीचं हसू मावळलं. त्याने पाकिटातून घड्यांवर विरलेला एक कागद काढला. तेच पत्र.

"हे तू जपून ठेवलंस?" मास्तरांनी विचारलं.

"ठेवणारच. त्या दिवशी तासभर समोर बसवून विचारलंत मला. बाप काय करतो, कुत्री माझ्यावर का भुंकत नाहीत, काय नि काय. शब्द चुकला, पण पत्र माझं होतं. माझ्याकडे बघून आयुष्यात कुणी एवढं लिहिलं नाही. त्यानंतर तुम्ही मान वर करून बघितलंय का कुणाकडे? लॉइड सोबर म्हणे! अहो, माप घेतल्याशिवाय कधी पॅन्ट नाही शिवलीत, मग पत्रं कशी काय तयार मापाची वाटता?"

मास्तरांना ते फार लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

बुधवारी ते धापा टाकत आयनीची टेकडी चढले. तिने आल्याचा चहा दिला, चुलीत भाजलेला नीरफणस सोलायला घेतला.

"पोर आली तेव्हा कशी होती, सांग," मास्तर म्हणाले.

"काय सांगायचं त्यात? बोलायचीच नाही. मी नजरेआड झाले की थरथर कापायची. शाळेत कशी राहणार? मग मी वर्गाच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर जाऊन बसायला लागले. कोनफळं तिथेच विकली. हेडबाईंनी हाकललं, पावसाने झोडपलं. मी नाही उठले."

"किती दिवस?"

"एप्रिल, मे. अर्धा जून. मग एक दिवस खिडकीतून म्हणाली, मावशी, तू जा बाजारात. मी राहते." आयनीची सुरी फणसाच्या एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. "त्या दिवशी मी रडले, मास्तर. हे नका लिहू."

मास्तरांनी घरी येऊन शब्दकोश उघडलासुद्धा नाही. स्टबर्न माणूस हलत नाही, कारण त्याला हलायचं नसतं. स्टेडफास्ट, म्हणजे अढळ माणूस हलत नाही, कारण त्याला धरून कुणीतरी उभं असतं. त्यांनी एका दमात लिहिलं: मिस प्यूसी बसवाल्यांशी स्टबर्न आहे. पोरीशी ती स्टेडफास्ट आहे. खाली भिंतीची सगळी हकिकत लिहिली, रडणं सोडून, आणि शिक्का मारला.

गुरुवारी ते स्वतः आयनीबरोबर तालुक्याला गेले. खात्याच्या मिसेस ट्रोब्रिज म्हणजे चष्म्यावरून बघणारी, मोजकं बोलणारी बाई. त्यांनी आयनीला बाहेरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं आणि केझायाला आत घेतलं. जेपी म्हणून मास्तरांनाही. पत्र दोनदा वाचलं.

"केझाया, तुला मावशीकडे राहायचंय?"

बोल गं बाई, मास्तर मनात म्हणाले. पण पोर आपली खिडकीकडे बघत होती. मिसेस ट्रोब्रिजनी मान वळवली. बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर, भर उन्हात, आयनी बसली होती. मांडीवर टोपली. शिपाई हातवारे करून तिला खाली उतरवत होता आणि ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

"मी त्यांना बाहेरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं होतं," मिसेस ट्रोब्रिज म्हणाल्या.

"हो बाई," मास्तर म्हणाले. "पण ती खुर्ची इथून दिसत नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला, पत्रातल्या एका शब्दाखाली रेघ ओढली आणि केझायाच्या कागदावर सही केली. "घरी जा, बाळा," त्या म्हणाल्या. "तुझ्या मावशीच्या घरी."

केझाया खिडकीपाशी धावली आणि गजांतून हात बाहेर काढून ओरडली, "मावशी, उतर खाली! झालं!"