पाठमोरी आली ती बोट

दादा गेल्याचा निरोप आला तो आमच्या खालच्या किराणा दुकानातल्या फोनवर. मी तांदूळ निवडत होते. दुकानदाराने खालूनच हाक मारली, "काकू, पेणहून फोन हाय, लवकर या," आणि त्याच्या आवाजावरूनच समजले मी. आता दीड महिना झाला. ऐंशीच्या घरातला माणूस गेला की इथे रोह्यात लोक म्हणतात, सोनं झालं. झालं असेल. माझा मात्र जीव नुसता चिडचिडतो, आणि दुसऱ्या कुणावर नाही, माझ्या स्वतःवरच.

धर्मादादा माझा थोरला भाऊ. आम्ही पेणच्या खाडीकाठचे, मिठागरातले. महायुद्धाच्या दिवसांत तो मुंबईला गेला आणि गोऱ्यांच्या विनाशिकेवर, म्हणजे लढाऊ बोटीवर, स्वयंपाकखान्यात लागला. मालाच्या बोटींचा तांडा समुद्रातून जायचा आणि हिने त्याची राखण करायची. एका सकाळी पाणबुडीने पाणतीर सोडला आणि बोटीचं नाकाडच उडालं. दादा पीठ मळत होता तो परातीसकट आपटला. मग सगळ्यांनी मिळून आतल्या लोखंडी भिंतीला लाकडांचे टेकू लावले, फटींत गाद्या कोंबल्या, आणि तीन दिवस बोट पाठमोरी चालवत बंदरात आणली. मागचं टोक पुढे करून, स्वतःच्या इंजिनावर.

हे 'पाठमोरी' आलं की मिठागरावर हसू फुटायचं. "धर्मा, पाठमोरा जाऊन दाखव बघू विहिरीपर्यंत!" चांगले बाप्ये चिडवायचे हो! दादा कळवळून सांगायचा, "अरे, बांधाला खांड पडली तर फुटल्या तोंडावर भरती घेता काय? तिथं पानी धडकू नये म्हून फिरवली तिला!" खाडीचं पाणी अडवायला बांध घालणारी माणसं आम्ही, खांड पडली की रात्र न बघता चिखल टाकायला धावणारी. आम्हाला हे पटायला हवं होतं. कुणाला पटलं नाही... मलाही नाही. मी तोंडावर हसले नाही, एवढंच.

म्हातारपणी त्याने एकच हट्ट धरला. नौदलाच्या कचेरीतून कागद आणायचा, बोट पाठमोरी आली एवढं लिहिलेला. पेन्शन नको, बिल्ला नको. "बायो, तू लिव." मी शाळेत गेलेली नाही, पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकले, तरी घरादाराचे अर्ज मीच लिहायची. तो सांगत गेला, मी लिहीत गेले. त्या 'पाठमोरी'पाशी माझा हात अडला. वाटलं, तिथला साहेब हसेल, अर्ज टोपलीत टाकेल. मी मोठी शहाणी! लिहिलं, 'बोट दुसऱ्या बोटीने ओढत आणली.' "वाच बगू," दादा म्हणाला. मी वाचलं ते मात्र त्याने सांगितलं होतं तसंच, शब्दन्‌शब्द. मान डोलावून त्याने अंगठा उठवला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. ओढून आणलेल्या अशा बोटीची नोंद आढळत नाही. मी पुढचं तेवढं वाचलं, नोंद आढळत नाही.

"नाय म्हनतात?"

"नाय."

"मंग गोऱ्यांनी लिवलाच नसंल, गो..."

त्यानंतर त्याने बोटीचं नाव काढलं नाही. कुणी मुद्दाम छेडलं तरी उठून बांधाकडे चालू लागायचा.

बाराव्याला त्याच्या सुनेचे मामा आले, नौदलातून निवृत्त झालेले. मी सहज विचारल्यासारखं पाठमोऱ्या बोटीचं विचारलं. ते म्हणाले, "त्यात काय नवल? नाक गेलेली बोट तशीच आणतात. पुढे चालवली तर पाण्याच्या दाबाने आतली भिंत फुटेल ना!" इतकं साधं! आणि हे मला दादाच्या बाराव्याच्या पानावर कळावं?

परवा नवा अर्ज लिहून पेणला गेले. भाचा म्हणाला, "आत्या, अर्जदारच नाय, आता कशाला?" कशाला म्हणजे! सगळ्यांना कशाला तेच कळत नाही. मी दादाच्या खोलीत जाऊन बसले. खाटेवर त्याची चौकड्यांची चादर अजून तशीच, उशाला खळगा. चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. सून दारात आली.

"आत्या, कोनाला वाचताय?"

"तुझ्या सासऱ्याला," म्हटलं. "या टायमाला लिहिलंय तेच वाचतेय."