पिकअपला आलेलं वारें

पाळी गावातला माझा शेजारी प्रत्येक दुखण्याचं एकच निदान करायचा: वारें कमी पडलं. चूल धुमसली, माझा दमा उसळला, आमच्या नव्या राज्याचं सरकार पडलं, तरी तेच. खाणीच्या लाल धुळीत त्याची डिझेल पिकअप चढावर दमू लागली, तेव्हा त्याने एअर फिल्टर काढून मोरीचा पाइप बसवला आणि त्याचं तोंड बॉनेटबाहेर काढलं.

"धूळ जाईल आत," मी म्हटलं.

"वारें जातलें!" तो हसला.

पुढे एका सकाळी अंगणात इंजिन आपोआप किंचाळू लागलं. त्याने किल्ली काढली, तरी थांबेना. धुळीने झिजलेलं इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन धावत होतं. अंगण धुराने भरलं. त्याची बायको दारातून ओरडली, "पयस सरात! फुटतलें तें!"

तो हलला नाही. पायातली चप्पल काढून त्याने ती दोन्ही हातांनी पाइपच्या तोंडावर दाबून धरली. इंजिन थरथरलं, गुदमरलं, गप्प झालं. मग देवळात अंगात वारें आलेल्याशी बोलतात तसं त्याने हळूच बॉनेटला विचारलं, "गेलें वारें?"

पाइप त्याने काढला नाही. पुढच्या वेळी हाताशी असावी म्हणून ती चप्पलच सुतळीने पाइपच्या तोंडाशेजारी लटकती बांधून टाकली. तेव्हापासून गाडी चालवताना त्याचा एक पाय अनवाणी असतो.