बिनफायद्याचे बेत

विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन इथे नागपूरला करायचं ठरलं, तेव्हा माझ्या लेकीचा बेंगळुरूहून फोन आला. "आई, त्या कन्हानला एकट्या असतात. दिवसातून इतक्या वेळा डोळ्यात थेंब कोण टाकणार? बरं वाटेपर्यंत तुमच्याकडेच राहू दे ना त्यांना."

मी हो म्हटलं. पण फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो चादरींचा. लेकीची सासू घरात राहायला येणार म्हणजे घर एकदम परीक्षेला बसल्यासारखं होतं. लग्नानंतरच्या चार वर्षांत आमच्या भेटी झाल्या त्या सगळ्या कार्यक्रमांतल्या. साडी नेसवायची, ओटी भरायची, "घ्या ना" म्हणायचं, "नको नको" ऐकायचं. दोघी एकमेकींना चांगल्या होतो, पण ओळख अशी नव्हतीच.

ऑपरेशन झालं आणि त्या काळा चष्मा लावून आमच्याकडे आल्या. पहिले काही दिवस घरात अवघडलेपणच होतं. मी त्यांना ताट उचलू देत नव्हते आणि त्या मला पाणी देऊ देत नव्हत्या. थेंब टाकताना मात्र इलाज नव्हता. त्या पलंगावर आडव्या व्हायच्या, मी त्यांचं डोकं एका हातानं धरायचे. "हलू नका हं," मी म्हणायचे. "नाही जी, हलून नाही राहिली," त्या म्हणायच्या, आणि दोघी इकडचं तिकडचं, हवामानाचं बोलायचो.

माझे यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी थेंबांचं वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं होतं. विहीणबाई त्यांना इवाई म्हणायच्या. व्याह्यांना आमच्या भागात तसंच म्हणतात. "इवाई लय शिस्तीचे आहेत," त्या मला हळूच म्हणाल्या. ते कौतुक होतं की तक्रार, ते तेव्हा मला कळलं नाही.

असंच एका रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नवीन वर्ष नुकतंच लागलं होतं. तिनं आम्हा तिघांना ओळीत बसवलं आणि म्हणाली, "यंदा तुम्ही काहीतरी ध्येय ठरवा. आई, तू साखर कमी कर. बाबा, तुम्ही रोज फिरायला जा. आणि आई," हे सासूला, "तुम्ही पाणी जास्त प्या." आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

फोन बंद झाल्यावर विहीणबाईंनी काळा चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "हे काय ध्येय होय का जी? हा तं डॉक्टरचा कागद झाला."

मला हसूच आलं. "मग तुमचं काय ध्येय?"

"मले शिट्टी मारता याले पायजे," त्या म्हणाल्या.

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "शिट्टी? कशासाठी?"

"कायसाठीच नाही. लहानपणी आमचे भाऊ दिवसभर शिट्ट्या मारत. मी तोंड गोल केलं का माय म्हणे, पोरीनं शिट्टी मारली तं घरात साप येते. आता मले साठ वर्षं झाले. येऊ द्या साप."

"पण त्याचा फायदा काय?" ह्यांचा प्रश्न.

"फायदा नाही म्हणूनच तं करायचं आहे, इवाई! फायद्याचं लय करून झालं."

त्या दिवशी दुपारी वाटाणे सोलता सोलता आमचं ठरलं. प्रत्येकीनं एक असा बेत करायचा, ज्यात तब्येत सुधारणार नाही, पैसा वाचणार नाही, नातेवाइकांची सोय होणार नाही. नुसती मजा येईल. हे बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. "असल्या गोष्टीला बेत म्हणत नाहीत," एवढंच बोलले आणि वाटाण्याची सालं उचलून घेऊन गेले.

शिट्टीचा सराव सुरू झाला. विहीणबाई ओठांचा चंबू करून फुंकायच्या आणि नुसती हवा यायची. सकाळी स्वयंपाकघरात फूऽऽ, दुपारी गॅलरीत फूऽऽ. मला थोडीफार यायची. कॉलेजात असताना मैत्रिणीकडून शिकले होते. मी जीभ कुठे ठेवायची ते दाखवायचे आणि त्या माझ्या तोंडात डोकावून बघायच्या. डोळ्याच्या तपासणीला गेलो तेव्हा ह्यांनी डॉक्टरांना अगदी गंभीरपणे विचारलं, "शिट्टी मारल्यानं टाक्यांवर ताण येतो का?" डॉक्टरांनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग काळ्या चष्म्यातल्या विहीणबाईंकडे. "टाका घातलेलाच नाही. मारू द्या," म्हणाले.

आणि शिट्टी वाजली ती नको तिथे. पौर्णिमेला आम्ही दोघी बुद्धविहारात गेलो होतो. वंदना झाली आणि सगळे डोळे मिटून ध्यानाला बसले. पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. विहीणबाई माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. पण सवयीनं ओठांचं काम आतल्या आत चालूच असावं. एकाएकी त्या शांततेत एक लांबलचक, स्वच्छ, गोड शिट्टी निघाली.

सगळ्या विहारानं डोळे उघडले. मागच्या ओळीतली एक बाई म्हणाली, "कोण आहे वं?" विहीणबाईंचा हात तोंडावर आणि मान खाली. मला हसू दाबता दाबता ठसका लागला. समोर बसलेले वयस्क भन्तेजी मात्र शांत होते. ते डोळे न उघडताच म्हणाले, "पाखरू आलं वाटते आत. येऊ द्या. श्वासाकडे लक्ष ठेवा."

घरी जाताना ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी पुन्हा ओठ गोल केले. आली! मग काय, चौक आला की शिट्टी, सिग्नल लागला की शिट्टी. ऑटोवाला आरशात बघायचा, तर मागे काळा चष्मा लावलेली, पांढरी साडी नेसलेली एक बाई मस्त तंद्रीत. शेवटी न राहवून तो म्हणाला, "क्या बात है, मावशी!"

उतरल्यावर त्या फाटकाशी थांबल्या. म्हणाल्या, "आमचे हे खाणीतून ड्यूटी करून याचे ना, तवा गल्लीच्या मोडावरूनच शिट्टी मारत. ते ऐकलं का मी चहा ठेवो. इतके वर्षं त्यांनी आवाज दिला अन् मी नुसता चहा देल्ला. मले वाटे, एखाद्या दिवशी मीबी इकडून शिट्टी मारावं. कसे दचकले असते!" आणि त्या हसल्या. व्याह्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल त्या हसत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी जिना चढलो.

आता पाळी माझी होती. माझा बेत सांगायला मला लाज वाटत होती, कारण तो फारच पोरकट होता. मी कॉलेजला सायकलनं जायचे. आईची सक्त ताकीद होती, उतार आला की खाली उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. मीही आज्ञाधारक. सगळ्या मैत्रिणी पेडलवरचे पाय उचलून सुसाट जायच्या आणि मी मागून चालत. मला एकदा, एकदाच, मोठ्या उतारावरून पाय वर करून सायकल सोडायची होती.

"मंग चला सेमिनरी हिल्सले," विहीणबाई म्हणाल्या. जणू भाजी आणायला जायचंय.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीची सायकल मागितली. ह्यांनी आदल्या संध्याकाळी तिचे ब्रेक तपासले, चेनला तेल दिलं, हवा भरली आणि शेवटी कुठून तरी हेल्मेट आणलं. "पडलीस तर हाड जुळायला वेळ लागतो या वयात," एवढं एकदाच म्हणाले. आधी तीन-चार दिवस मी आमच्या गल्लीत सायकल फिरवून घेतली. ती विसरली जात नाही म्हणतात ते खरं आहे. कुल्ल्यांना मात्र तिचा विसर पडतो.

रविवारी भल्या सकाळी टेकडीवर गेलो. थंडी होती, झाडांमधून धुकं निघत होतं, रस्त्यावर फिरायला येणारे तुरळक लोक. हे उताराच्या तळाशी जाऊन उभे राहिले, रहदारी थांबवायच्या तयारीत, एक हात वर करून. विहीणबाई मधल्या वळणापाशी. मी वर. खाली बघितलं. वाटलं, राहू दे, घरी जाऊन पोहे करावेत.

पण सायकलवर बसले आणि निघाले. पाय उचललेही, पण दोन्ही हातांनी ब्रेक इतका आवळून धरला होता की बंद पडलेली रिक्षा ढकलत न्यावी तशी सायकल चालली होती. एक आजोबा चालत मला मागे टाकून गेले. तेवढ्यात वळणावरून आवाज आला, "अवं, ब्रेक सोड ना वं! सोड!"

इतक्या दिवसांत त्यांनी मला कधी "तू" म्हटलं नव्हतं. लग्नाच्या बैठकीपासून "तुम्ही" आणि "जी". त्या हाकेनं माझी बोटं आपोआप सुटली.

मग जे झालं ते सांगता येत नाही. वारा कानात शिरला, ओढणी मागे फडफडायला लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी, आयुष्यभर गणित शिकवलेली, वर्गात टाचणी पडली तर आवाज यावा अशी शांतता ठेवणारी बाई, मोठ्यानं ओरडत होते. काय ओरडत होते ते मलाही माहीत नाही. तळाशी हे हात वर करून उभे होते ते उडी मारून बाजूला झाले. मी त्यांच्यापुढून गेले. पुढे रस्ता सपाट झाला, हळूहळू चढ लागला आणि सायकल आपोआप दमून थांबली. मी उतरले आणि मागे वळून सगळा उतार बघितला.

विहीणबाई धापा टाकत आल्या. "तुले किती जोरात ओरडता येते वं! मास्तरीन असून!"

"तुझ्यामुळेच," मी म्हटलं. 'तुझ्या' म्हटल्याचं नंतर लक्षात आलं. दोघींनीही ते दुरुस्त केलं नाही.

खाली टपरीवर तर्री-पोहे खायला थांबलो. पोह्यांवर तर्रीचा झणझणीत लाल रस्सा, वरून चणे, नाकातून पाणी. हे नेहमी तर्री बाजूला ठेवून नुसते पोहे खातात. त्या दिवशी त्यांनी दोनदा तर्री मागितली. मग प्लेटकडे बघतच म्हणाले, "मला वरातीत नाचायचं आहे."

"तुम्हाला?" मी म्हटलं.

"आजवर घरात जेवढी लग्नं झाली त्या सगळ्यांत लाइटचं काम माझ्याकडे. वीज खात्यात आहे ना, मग जनरेटरजवळ याला उभा करा. आपल्या मुलीच्या लग्नातही मी मीटरच बघत होतो. सगळे नाचायचे आणि मी फ्यूज घेऊन उभा." ते थोडे थांबले. "ओळखीच्या लग्नात जमणार नाही. लोक बघतील. अनोळखी पाहिजे."

"अनोळखी वरात तं आजकाल रोज निघून राहिली आपल्या रोडवरून," विहीणबाई म्हणाल्या.

तसंच होतं. लग्नसराई सुरू झाली होती आणि चौकापलीकडच्या लॉनवर जाणाऱ्या वराती आमच्याच घरासमोरून जायच्या. त्या आठवड्यात संध्याकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहायचे. पहिल्या वरातीत मंडळी फार तरुण वाटली, दुसऱ्या वेळी आवाजच फार होता, असं म्हणून हे आत यायचे. तिसऱ्या वेळी बँड आला. खरा बँड, लाल कोटवाले, पितळी वाद्यांचा. विहीणबाईंनी ह्यांच्या पाठीवर सरळ हात ठेवला. "इवाई, चला खाली."

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. घोड्यावर नवरदेव, पुढे नाचणारे. हे आधी नुसती मान हलवत होते. मग एक खांदा. मग एका गलेलठ्ठ गृहस्थांनी हात धरून ह्यांना आत ओढलं, "या ना काका, काहून लाजता?" आणि माझे यजमान वरातीत शिरले. हात वर, बोटं आभाळाकडे, पाय कुठेही. ताल चुकत होता आणि चेहऱ्यावर इतका आनंद की मी त्यांना लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही असं पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर फेटा बसवला. विहीणबाईंनी कडेनं कडक शिट्टी मारली, त्याबरोबर बँडवाल्यानं आमच्याकडे बघून सूर आणखी चढवला. मग आम्हा दोघींनाही बायकांनी आत घेतलं आणि नाचत नाचत आम्ही लॉनच्या दारापर्यंत कधी पोचलो ते कळलं नाही.

तिथून परत फिरायचं, तर ते गलेलठ्ठ गृहस्थ सोडायला तयार नाहीत. "जेवल्याबिगर कसे जाता, काका?" आम्हाला जवळजवळ धरूनच नेलं. खुर्च्यांवर बसवलं, हातात ताटं दिली. वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. ह्यांना घाम आला होता, फेटा एका कानावर कलला होता.

इतक्यात नवरी मुलीची आई वाढणाऱ्यांमागून विचारपूस करत आली. तिनं आम्हा तिघांकडे नीट बघितलं. ओळख पटेना. अगदी आदरानं विचारलं, "तुम्ही मुलाकडले का मुलीकडले, जी?"

हे बुंदीचा घास तसाच धरून माझ्याकडे बघायला लागले. मी विहीणबाईंकडे.

"आम्ही नाचाकडले, बाई," विहीणबाई म्हणाल्या.

त्या माऊलीनं ह्यांच्या कललेल्या फेट्याकडे बघितलं. मग ती इतकी हसली की पदर तोंडाशी धरावा लागला. वाढणाऱ्याला हाक मारून म्हणाली, "अरे, इकडे बुंदी वाढ अजून, आपलेच लोक आहेत," आणि मठ्ठा घेतल्याशिवाय उठायचं नाही अशी आम्हाला ताकीद देऊन पुढच्या पंगतीकडे गेली.