नेनोची बटणं

दर रविवारी दुपारी इटलीतल्या कास्तेलफिदार्दो गावच्या टेकडीवरच्या नाचघरात नाझारेनो की-बोर्ड वाजवायचा. सगळे त्याला नेनोच म्हणत. तीस वर्षांत ठेक्यांच्या बटणांकडे बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. वॉल्ट्झचं बटण जरा खोलगट, टँगोचं कडेला झिजलेलं. डोळे मिटले तरी ती सगळी घरच्या पायऱ्यांसारखी बोटांना सापडत.

त्या हिवाळ्यात त्याच्या डोळ्यांत धुकं उतरलं. समुद्रावरून येतं तसं पांढरं, मऊ. ज्याच्याकडे बघावं ते नेमकं त्यात बुडायचं. कडेकडेचं तेवढं उरायचं. तो कुणाला काही बोलला नाही. आणि त्यातच जुना की-बोर्ड कायमचा मुका झाला. नाचघराच्या मंडळाने मोठ्या हौसेने नवा आणला. पट्ट्या त्याच, पण ठेक्याचं बटण एकही नाही, त्याजागी बोट लावून चालणारी नुसती चकचकीत काच.

नेनोने काचेवर बोट फिरवलं. जिथे जावं तिथे सारखीच गुळगुळीत, थंड.

रविवारी त्याने अंदाजानेच बोट टेकवलं. वॉल्ट्झऐवजी पोल्का धडधडत सुटला.

"अहो मास्तर," म्हातारी एल्विरा ओरडली, "आमचे गुडघे काय पंचविशीतले वाटले?"

हशा पिकला. शेजारी उभ्या असलेल्या इवानाने, म्हणजे त्याच्या गायिकेने, हात लांबवून ठेका बंद केला. मग ठेक्याशिवायच, नुसत्या दोन हातांनी नेनोने वॉल्ट्झ धरला. हळू, अगदी हळू. लाकडी जमिनीवर बुटांचे तळवे घासू लागले, आणि तोच ठेका झाला. खिडकीतल्या उन्हात जोडपी त्याला माणसं वाटेनात. रंगांचे ढग एकमेकांत मिसळत, सुटत, पुन्हा मिसळत होते. हे असं किती वेळ चाललं, त्याला कळलं नाही.

विश्रांतीत तो म्हणाला, "इवाना, मला ती काच दिसत नाही गं."

"नाताळापासून ठाऊक आहे. वाइन पेल्याबाहेर ओततोस, वर टेबल डुगडुगतंय म्हणतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते, गाढवा. काच मी सांभाळते. तू फक्त नाव सांग आणि वाजव."

पुढे सहा वर्षं तसंच चाललं. धुकं कडांपर्यंत पोचलं, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जिथल्या तिथे होत्या. नेनो हळूच "टँगो" म्हणायचा, इवाना काचेला बोट लावायची. कधी लहर आली तर मुद्दाम भलताच ठेका लावायची. मग नेनो हसत हसत त्याच्यामागून वाहत जायचा.