काचवाल्या आजोबांची शनिवारची फेरी

आमच्या वरच्या मजल्यावर काचवाले आजोबा राहतात. बत्तीस वर्षं त्यांनी शहराच्या मध्यभागातल्या सरकारी इमारतींच्या काचा पुसल्या, दोरावर लटकून. न्यायालय, नगरभवन, मोठं ग्रंथालय, सगळं बाहेरून आत पाहिलेलं. "जेवणानंतर न्यायाधीश डुलकी काढतात, हे वकिलांच्या आधी मला ठाऊक," म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर दर शनिवारी नातीला आणि शेजारच्या पाच पोरांना घेऊन ते याच इमारती आतून दाखवायला निघत. पोरं नगरभवनाच्या पायऱ्या मोजत, चौकात पुतळ्याखाली हुंदडत आणि घरी येऊन आम्हालाच अक्कल शिकवत.

प्रत्येक दारातून निघताना आजोबा फक्त लोकांची पोरं मोजत. नातीला काय मोजायचं? ती त्यांचं बोट सोडतच नसे.

त्या शनिवारी ग्रंथालयाच्या दारात पाच भरली. चालताना एका चिमुकल्या हाताने बोट धरलं. चौक आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, तर पोर शेजाऱ्यांची!

सगळ्यांना घेऊन म्हातारा धावत परतला. नात दोन कपाटांच्या मधे फतकल मारून वाचत बसली होती. तिला पत्ताच नव्हता. आजोबांनी मात्र घरी येईपर्यंत तिचं मनगट सोडलं नाही.

पोरांनी जिन्यातच बातमी फोडली आणि माझी जीभ वळवळली. "काय हो आजोबा, ग्रंथालयात ठेवलेली नात किती दिवसांत परत आणायची असते?"

सगळे खो खो हसले. आजोबाही हसले, जरा उशिरा. संध्याकाळपर्यंत माझा विनोद मजल्यामजल्यावर पोचला. सून कामावरून आली, तिला तो फाटकातच ऐकायला मिळाला.

ती ओरडली नाही. "बाबा, आता फेऱ्या पुरे," एवढंच म्हणाली. मग कुणाच्या पोराला शिकवणी निघाली, कुणाच्या घरी पाहुणे.

पुढच्या शनिवारी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे राहिले. अर्धा तास गेला. वर खिडकीतून नात बघत होती. मला राहवेना, चपला अडकवून मी खाली गेले.

"चला आजोबा, मी येते. मला दाखवा सगळं."

"तुम्हाला काय दाखवायचं, बाई?" ते शांतपणे म्हणाले. "तुम्हाला सगळं आमच्या घरच्यांच्याही आधी कळतं."

कठड्याला धरून ते जिना चढू लागले.